दुपदरी रेशीम

"बाळाला खाली आणशील तर अनवाणी आण. मोजे घालून मागाजवळ आणायचं नाही," असं मावशी म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात ही गोष्ट त्यांच्या बाकीच्या नियमांबरोबर अडगळीत टाकून दिली.

त्यांचे नियम पुष्कळ होते. मागावर बसून शीळ घालायची नाही. अर्धवट विणलेल्या गालिच्याचं कुणी कौतुक केलं तर लगेच त्यातली एक गाठ सोडून पुन्हा मारायची. काळी लोकर आणि लाल लोकर एका टोपलीत झोपवायची नाही. 'झोपवायची' हा शब्द त्यांचाच. मावशी आमच्या नात्यातल्या कुणी नव्हेत. सासरे होते तेव्हापासून त्या आमच्याकडे गालिचे विणतात आणि जुने दुरुस्त करतात. माझ्या नवऱ्याचं बोट धरून पहिली गाठ त्यांनीच मारून घेतली, म्हणून तो त्यांना मावशी म्हणतो, आणि तो म्हणतो म्हणून मीही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. शिळेचा आणि लोकरीचा संबंध मला पटणं शक्य नव्हतं, आणि मोज्यांचा तर नाहीच. मला वाटलं, मागापाशी चपला घालून जात नाहीत, तसलंच काहीतरी मान राखण्याचं असेल. चार महिन्यांच्या बाळाला कसला मान नि कसला अपमान. शिवाय खालची फरशी गार असते.

मी बेफिकीर आई होते असं मात्र समजू नका. झालंच तर उलट. गुंडी जन्मल्यापासून मी एक वही ठेवली आहे. किती वाजता प्यायली, किती वेळ, कोणत्या बाजूला, शी कशी झाली, अंग किती गरम, सगळं तारखेनिशी. सासूबाई त्या वहीला पंचनामा म्हणतात. "अगं, पंचनामा झाला असेल तर पोरीला जरा इकडे दे," असं त्या म्हणाल्या की नवरा हसतो आणि मीही हसते, पण वही मिटत नाही. घरात धोक्याच्या वस्तू किती आहेत हे मला तोंडपाठ होतं. दुरुस्तीच्या वाकड्या सुया, गालिच्याची लव कापायच्या कात्र्या, रंगाच्या हंड्याखालची शेगडी, कसर लागू नये म्हणून कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या, लोकरीची धूळ. रात्रंदिवस मी या सगळ्यांवर डोळा ठेवून होते.

आमचं राहणं वरच्या मजल्यावर आणि कारखाना खाली. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पहिलीत दोन उभे माग, दुसरीत खिडकीला लागून दुरुस्तीचं लांब टेबल. त्या खिडकीतून दुपारपर्यंत ऊन येतं. संपूर्ण घरात ऊन येणारी ती एकच खिडकी, म्हणून तिच्या आडव्या दोरीवर रंगवलेल्या लोकरीच्या लडी वाळतात आणि लडींच्या शेजारी गुंडीचे कपडे. वर एकटी असले की माझ्या डोक्यात नको नको ते यायचं. म्हणून तिसऱ्या महिन्यापासून मी तिला घेऊन खालीच बसायला लागले. कोपऱ्यात एक जाड, मऊ, जुना गालिचा घडी करून घातला होता. त्यावर ती पाय झाडत पडायची आणि तिच्यावर माझे दोन, सासूबाईंचे दोन आणि मावशींचे दोन असे सहा डोळे असायचे. माणसाला आणखी काय सुरक्षित हवं?

त्याच दिवसांत तो मोठा गालिचा दुरुस्तीला आला. काळपट लाल, कडेला निळी नक्षी, आमच्या कुणाच्याही आजोबांपेक्षा वयानं मोठा. मधला भाग धड होता, फक्त एका टोकाची झालर कुजून गळायला लागली होती. मालक गृहस्थ सज्जन होते, पण वारशात मिळालेली वस्तू एवढी मोलाची का हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"एवढं काय असतं हो यात?" त्यांनी विचारलं.

"घाई नसते," सासूबाई म्हणाल्या. "बाकी सगळं असतं."

माझ्या नवऱ्याला असा प्रश्न कुणी विचारला की त्याचा चेहरा उजळतो. त्यानं गालिचा उलटा केला. गालिचा पाठीवरून वाचायचा असतो असं तो म्हणतो. मागेही नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट होती, आणि दर बोटभर जागेत बारीक बारीक गाठी, एकीला एक चिकटून. त्यानं लोकरीवर पाण्याचा थेंब टाकला, तो तसाच उभा राहिला. "जिवंत मेंढीच्या खांद्यावरची लोकर. तिचं स्वतःचं तेल अजून तिच्यात आहे. हातानं कातलेली, म्हणून कुठे जाड, कुठे बारीक, आणि म्हणून रंग कुठे गडद बसतो, कुठे फिका. मुळ्यांचा रंग आहे, तो उडत नाही, पिकतो." मग त्यानं लवेचा एक झुपका चिमटीत धरला. "ओढा."

"नको, निघेल."

"ओढा तर खरं. यंत्रावरच्या स्वस्त मालात लव नुसती चिकटवलेली असते, ओढली की हातात येते. ही ताण्याच्या दोऱ्यांभोवती मारलेली गाठ आहे. ओढाल तेवढी आवळते. शंभर वर्षं माणसं यावरून चालली ना, प्रत्येक पावलानं गाठ घट्टच होत गेली."

ताणा म्हणजे मागावर ताणलेले उभे दोरे. सगळ्या गाठी त्यांनाच धरून असतात. झालर म्हणजे त्याच दोऱ्यांची बाहेर सोडलेली टोकं. या गालिच्याचा ताणा रेशमाचा होता. नवऱ्यानं त्यातला एक धड, हातभर निघालेला दोरा गृहस्थांना तोडायला दिला. केसाहून थोडाच जाड. त्यांनी दोन्ही तर्जन्यांना गुंडाळून झटका दिला, पुन्हा दिला. बोटाचं टोक पांढरं पडलं, मग जांभळट.

"साहेब, सोडा," सासूबाई म्हणाल्या. "बोट जाईल, दोरा राहील."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. गुंडी कोपऱ्यात पाय झाडत होती.

पुढचा आठवडाभर मावशी त्या टोकाशी बसून होत्या. कुजलेले दोरे एकेक करून काढायचे, धड असतील त्यांना नवं रेशीम जोडायचं, कडेच्या गाठी पुन्हा बांधायच्या. काढलेले तुकडे त्या पत्र्याच्या डब्यात टाकत, पण रेशीम काही सगळं डब्यात जात नाही. उन्हाची तिरीप असली तर हवेत एखादी चमक दिसायची, नसली तर काहीच नाही. दोरीवर गुंडीचे मोजे उलटे करून वाळत घातलेले असायचे. आतली शिवण नीट वाळावी, ओल राहून पायाला बुरशी येऊ नये, म्हणून मी मोजे नेहमी उलटे वाळवते. संध्याकाळी ते सुलटे करते, म्हणजे दिवसभर बाहेर राहिलेली बाजू आत जाते, आणि घडी घालते. किती काळजी घेत होते मी, ते सांगतेय.

त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती रडायला लागली. वेळ वहीत आहे.

तिचं रडणं मला वाचता येतं असं मला वाटायचं. भुकेचं रडणं तक्रारीचं असतं, झोपेचं कुरकुरीचं, आणि ओलं झालं की ती आधी एकदा विचारल्यासारखी कुईं करते. हे यातलं कुठलंच नव्हतं. सूर एकदम वर चढला आणि तिथेच राहिला. पाजायला घेतलं, तोंड फिरवलं. लंगोट कोरडा. अंग गरम नाही. मांडीवर उताणी, पालथी, खांद्यावर, पाळण्यात, सगळं करून झालं.

"पोटात वारा धरलाय," सासूबाई म्हणाल्या आणि कोमट हातानं पोट चोळलं.

"दात असतील," नवरा म्हणाला.

"चौथ्या महिन्यात? तुला आठव्यात आले, तेही मागून घेतल्यासारखे दोन."

"मग आवाज कुणावर गेलाय ते तरी सांग."

"तुझ्यावरच. तू असाच कोकलायचास आणि मग ह्या बाई तुला मागाखाली निजवायच्या." सासूबाईंनी हनुवटीनं मावशींच्या जागेकडे दाखवलं. मावशी त्या वेळी तिथे नव्हत्या. त्यांची जागा रिकामी होती, त्या रंगासाठी मुळ्या आणायला बाजारात गेल्या होत्या. त्या असत्या तर, असं मी नंतर किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशोब नाही.

तीन वाजता तिचे पाय हाताला गार लागले. मी घाबरले. वर जाऊन मोज्यांची दुसरी जोडी आणली आणि पहिल्या जोडीवरून चढवली. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहायलाच हवं. पाय आखडून ती रडत होती आणि मी तिच्या पायात आणखी एक मोजा घट्ट ओढून बसवत होते.

साडेचारला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. भले गृहस्थ आहेत. कान बघितले, घसा बघितला, पोट दाबलं, छातीला नळी लावली. माझी वहीसुद्धा शांतपणे चाळली. "एवढं लिहून ठेवणारी आई मी पाहिली नाही," म्हणाले. पोटदुखीचे थेंब दिले. मोजे त्यांनी काढले नाहीत, मी काढले नाहीत. काढायचं कारणच काय होतं?

घरी येईपर्यंत ती रडून रडून थकली होती. खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत होती, आणि डुलकी लागतेय म्हणेपर्यंत टाचणी टोचल्यासारखी दचकून पुन्हा किंचाळायची. मग ते किंचाळणंही बारीक होत गेलं. "थेंबांचा गुण आला बघ," सासूबाई म्हणाल्या. मला मात्र तेव्हा खरी भीती वाटली. ती बरी वाटत नव्हती, तिनं सांगणं सोडून दिलं होतं. घरभर माणसं, सगळ्यांचे हात तिच्या अंगावर, आणि ती काय म्हणतेय ते एकालाही कळत नाही. माझ्या डोक्यात मेंदूज्वर आला, आतड्याला पीळ आला, हृदय आलं. मोठमोठ्या शब्दांचे आजार एकेक करून येऊन गेले.

सहा वाजता, गरम पाण्यात जरा शेकून बघू म्हणून मी तिचे कपडे काढले. सगळ्यात शेवटी मोजे.

डाव्या पायाचं मधलं बोट मला ओळखता आलं नाही. बाकीची चार बोटं गुलाबी, चण्याएवढी, आणि मध्ये एक टपोरं, तकतकीत, काळपट लाल काहीतरी. बुंध्याशी खोल खाच. एखाद्या पिशवीचं तोंड दोरीनं आवळावं तशी.

मी ओरडले नसेन. कारण नवरा धावत नाही, चालत आला. त्यानं पाय हातात घेतला, उजेडाकडे वळवला. खाचेतून केसासारखं एक टोक बाहेर आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्याला ते दिसलं आणि मला दिसायच्या आत त्याच्या दोन बोटांनी ते धरलं. वीस वर्षं तो हेच करत आला आहे. सुटलेलं टोक दिसलं की चिमटीत धरायचं आणि ओढून बघायचं, गाठ बसलीय की नाही.

त्यानं ओढलं.

गुंडीच्या तोंडून जे निघालं ते रडणं नव्हतं. टोक त्याच्या चिमटीतून निसटलं आणि खाचेत नाहीसं झालं. बोट माझ्या डोळ्यांदेखत आणखी काळवंडलं.

"मी ओढलं," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "मी ओढलं." त्याचा हात तसाच हवेत राहिला होता.

खालून दार वाजलं. मावशी बाजारातून आल्या होत्या. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांना कशी हाक मारली ते मला आठवत नाही, पण त्यांनी मुळ्यांची पिशवी जिन्यातच टाकली, कारण सासूबाई नंतर त्यावरून घसरता घसरता वाचल्या.

मावशींनी चष्मा लावला नाही. उलट डोळे मिटले. आम्ही गालिच्याची लव बाजूला सारून आतला तुटका दोरा शोधतो तसा त्यांनी तर्जनीचा शेंडा त्या खाचेवरून फिरवला, अगदी हलका. गुंडी किंचाळत होती. मावशींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोट थरथरत नव्हतं.

"रेशीम आहे. वेढे चारपाच असतील. एक मारगाठ पडलीय, वरच्या अंगाला," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावला?"

"मी ओढलं, मावशी," नवरा म्हणाला.

"तूच ओढणार. दुसरं शिकवलंय काय मी तुला." त्या उठल्या. "ही इथे सुटायची नाही. दोरा मांसात गेलाय. गाडी काढ. मोठ्या दवाखान्यात. पोरीचा पाय वर धर, खाली लोंबू देऊ नकोस."

"तूच काप ना. तुझ्याकडे ती बारीक सुरी—" तो म्हणाला.

"ती लोकर कापायची आहे. चल."

गालिचे पोचवायची आमची गाडी आहे, तिच्यात पुढे तिघंच मावतात. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "मी येत नाही. मी आले तर तुम्हाला मलाच सांभाळावं लागेल," म्हणाल्या. सदा तोंडात थट्टा असणारी बाई, तिचे ओठ पांढरे पडले होते. मी मध्ये बसले. गुंडी माझ्या मांडीवर, तिचा पाय मावशींच्या तळहातावर, दिव्याची वात धरावी तसा.

वाटेत मावशी समोर बघत म्हणाल्या, "माझ्या थोरलीच्या डाव्या पायाला चारच बोटं आहेत."

मला आधी कळलंच नाही त्या काय सांगताहेत.

"तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. पोरीला मागाखाली निजवायची. थंडीचे दिवस, मोजे. दोन दिवस रडली. सगळे म्हणाले पोट दुखतंय. तिसऱ्या दिवशी रडायची थांबली, म्हटलं बरी झाली."

गाडी सिग्नलला उभी होती. नवऱ्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"तुम्ही हे मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं की. मोजे घालून आणू नकोस म्हटलं."

"कारण सांगितलं नाहीत. शिळेबरोबर, लाल-काळ्या लोकरीबरोबर सांगितलंत. मला काय कळणार?"

त्यांनी गुंडीचा पाय तळहातावर जरा वर उचलला. मग म्हणाल्या, "कारण सांगितलं असतं तर तू तिला खाली आणलीच नसतीस. तुला मी ओळखत नाही होय? जिन्याला कुलूप घातलं असतंस. आणि मला तिथे दिवसभर बसून दुसरं काय दिसतं. लोकर."

मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्या हातातला पाय काढून घ्यावासा वाटला. घेतला नाही. कारण त्यांनी तो माझ्यापेक्षा बरा धरला होता. आणि कारण त्या खरं बोलत होत्या. मी जिन्याला कुलूप घातलंच असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी बोट पाहिलं आणि काही न विचारता नर्सला दोन शब्द बोलल्या. त्यांच्या त्या घाईनं मला जितकं घाबरवलं तितकं दिवसभरात कशानंच घाबरवलं नव्हतं. बोट बधिर करायचं इंजेक्शन दिलं, डोळ्याला भिंग लावलं. मला बाहेर थांबायला सांगितलं, मी थांबले नाही. मी गुंडीचं डोकं धरून उभी राहिले. नवरा दारात. मावशी त्याच्या मागे बाकावर, पण दार उघडं होतं.

बोटाच्या वरच्या अंगाला बारीक चिरा. मग चिमट्याच्या टोकावर काहीतरी आलं, रक्तानं माखलेलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. डॉक्टरांनी ते पांढऱ्या कापसावर ठेवलं. "निघालं," त्या म्हणाल्या. "आता रंग येईल."

त्यांनी बोटाचा शेंडा दाबला आणि सोडला. दाबल्यावर तो पांढरा होतो, सोडल्यावर रक्त परत आलं की गुलाबी होतो. किती आकड्यांत होतो ते मोजायचं. मी मोजायला लागले. वीस झाले. रंग आला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मी पुन्हा वीसपर्यंत गेले.

"थोडा वेळ जातो कधी कधी," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे न बघता ते म्हटलं.

"दुसरा पदर राहिलाय," दारातून आवाज आला.

मावशी आत आल्या होत्या. नर्स त्यांना थोपवायला पुढे झाली.

"आजी, सगळं काढलंय मी. भिंगातून बघितलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"तुम्ही काढलात तो एकच पदर आहे. बघा, सुटा आहे, पीळ नाही त्याला." त्यांनी कापसाकडे बोट दाखवलं, हात लावला नाही. "त्या गालिच्याचा ताणा दुपदरी. दोन पदर एकमेकांत पिळलेले. जुना दोरा उकलतो आणि पदर सुटे होतात, पण एकाच जागी पडतात. एक वर बसला, तर दुसरा त्याच्याखाली आहे. मी तो दोरा आठ दिवस हाताळतेय, बाई."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दुपदरी आहे. ती म्हणते ते बरोबर आहे."

डॉक्टरांना राग आला असावा, मला आला असता. पण त्यांनी भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. "अजून खोल जावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्यासाठी, हळू, "तिथे नस आहे. तुम्ही डोकं नीट धरा."

मी डोकं धरलं. गुंडी माझ्याकडे बघत होती. तिच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं, म्हणून मी तिला वहीतलंच सांगत राहिले. सकाळी सहाला प्यायलीस, बारा मिनिटं. साडेआठला प्यायलीस, नऊ मिनिटं. अकराला झोपलीस.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या.

दुसरा पदर पहिल्याहून आखूड होता. तो पांढऱ्याच्या जवळ गेलेला, कारण तिथपर्यंत रक्त पोचतच नव्हतं. तो कापसावर ठेवला आणि त्यांनी बोट दाबलं. मी मोजलं. चौदाव्या आकड्याला शेंड्यावर एक डाग आला, पुसट. डाग पसरला. पुन्हा दाबलं, अकरा. पुन्हा, नऊ. त्या म्हणाल्या, बोट राहतंय की नाही हे परवापर्यंत कळेल, दर दोन तासांनी असं दाबून बघायचं आणि लिहून ठेवायचं.

"ते ही करेल," नवरा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तीन मोजेपर्यंत रंग आला. आता त्या बोटाच्या बुंध्याशी एक बारीक रेघ आहे, अंगठी काढल्यावर राहते तशी. ती जाईल असं डॉक्टर म्हणतात. मला ती गेलेली हवी आहे की नको ते मला ठरवता येत नाही.

गालिचा पुरा झाला आणि ते गृहस्थ न्यायला आले. झालर हातावर घेऊन म्हणाले, "आता आणखी शंभर वर्षं बघायला नको." एरवी सासूबाईंनी यावर काहीतरी टोला दिला असता. त्या नुसत्या मान हलवून आत गेल्या. नवरा हल्ली सुटं टोक दिसलं की आधी हात मागे घेतो, मग कात्री शोधतो. मावशी अजून येतात. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि गुंडीला खाली नेलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी त्यांच्या मागाचा आवाज ऐकायची. मग एके दिवशी तिला अनवाणी घेऊन खाली गेले आणि मावशींच्या शेजारी बसले. गुंडीनं त्यांचा पदर तोंडात घातला. माझी भीती गेलेली नाही, फक्त कुठे बघायचं ते आता त्या भीतीला ठाऊक आहे.

टाके बघायला दवाखान्यात गेलो होतो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, असे तुमच्याकडे विणकरांच्याच घरची मुलं येत असतील ना. त्या नाही म्हणाल्या. "रेशीम मी पहिल्यांदाच बघितलं. बहुतेक वेळा आईचाच केस असतो. बाळंतपणानंतर केस गळतात, मोज्यात जातात, अंगरख्यात जातात. बोटाला, कधी दुसऱ्या नाजूक जागी वेढा बसतो. आणि सगळे पोट चोळत बसतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "कुणी सांगतच नाही हो आयांना."

म्हणून सांगतेय, आणि कारणासकट सांगतेय. तुमच्या घरात तान्हं मूल असेल, किंवा भिंतीपलीकडे कुणाचं तरी बराच वेळ रडत असेल आणि सगळे त्याला पोटदुखी म्हणत असतील, तर हे वाचणं इथेच ठेवा. जा. मोजे काढा, दोन्ही. हातापायाची बोटं एकेक वेगळी करून उजेडात बघा, लंगोटाच्या आतही बघा. झोपलेलं असेल तर जागं होईल, चिडेल, घरातले तुम्हाला वेडं म्हणतील. म्हणू द्या. आधी बघून या.